यथाशक्ती, मुक्काम मुलुंड पूर्व

मुलुंडमध्ये सोसायटीचं पाणी येतं मराठीत आणि जातं इंग्रजीत. 'अगं, पाणी आलंऽऽ' ही आरोळी जिन्यातून मराठीतच येते. पाणी जाणार असेल तेव्हा मात्र नोटीस बोर्डावर 'वॉटर सप्लाय विल बी अफेक्टेड' असं टाईप केलेलं, खाली सही आणि गोल शिक्का. याला कारण आहे. आमच्या विंगमध्ये कच्छी आहेत, तमिळ आहेत, एक मल्याळी कुटुंब आहे आणि उरलेले आपण. मराठीत नोटीस लावली तर गुजरातीतही लावा म्हणतात, गुजरातीत लावली तर आपल्यातले तरुण बाह्या सरसावतात. इंग्रजी ही कुणाच्याच आजोळची नसल्यामुळे तिच्यात काहीही लिहिलं तरी कुणाच्या भावना दुखावत नाहीत. फार तर इंग्रजीच्या दुखावतात, पण ती कमिटीची सभासद नाही.

या नोटीस बोर्डावर एक वाक्प्रयोग कायमचा भाडेकरू होऊन राहिला आहे: 'टू द बेस्ट ऑफ अवर अ‍ॅबिलिटी'. टाकी टू द बेस्ट ऑफ अवर अ‍ॅबिलिटी धुतली जाईल. लिफ्ट टू द बेस्ट ऑफ अवर अ‍ॅबिलिटी चालू ठेवली जाईल. पार्किंगचा प्रश्न तर कितीतरी कमिट्यांनी टू द बेस्ट ऑफ देअर अ‍ॅबिलिटी पुढच्या कमिटीकडे सोपवला आहे. इंग्रजीत या शब्दांचा अर्थ 'अंगात आहे तेवढं सगळं पणाला लावून' असा आहे. म्हणजे वचन आहे, आणि तेही जबरदस्त. पण अनुभवी मुलुंडकर हे शब्द वाचताच काय करतो? तो मुकाट्याने घरातली सगळी बादल्या-पिंपं भरतो, तीही भरली की कुकर भरतो, आणि सासूबाईंना सांगतो की उद्या डॉक्टरकडे जायचं असेल तर आजच खाली उतरून घ्या. त्याला ठाऊक असतं की या सहा इंग्रजी शब्दांचं मुलुंडी भाषांतर 'बघतो' असं आहे.

'बघतो' हे मराठीतलं सर्वांत सभ्य क्रियापद. त्यात नकार नसतो आणि होकार तर नसतोच नसतो. लग्नाचं आमंत्रण, उसने पैसे, मुलीचं स्थळ, गच्चीतली गळती, सगळ्यावर ते चालतं. अडचण एकच, 'बघतो' इंग्रजीत लिहिता येत नाही. 'वी विल सी' लिहिलं तर धमकी वाटते. मग कुणा धुरंधर सेक्रेटरीला हा भारदस्त वाक्प्रयोग सापडला, आणि 'बघतो'ला सूट-बूट मिळाला.

तर हा वाक्प्रयोग लिहावा कसा, यावर चार शब्द लिहायचं आम्ही मनावर घेतलं आहे. यथाशक्ती.

पहिली गोष्ट, ज्या कामात कमी-जास्त असं काही असतं, तिथेच तो बसतो. टाकी जेमतेम धुता येते, बरी धुता येते, चकचकीत धुता येते. तिथे 'बेस्ट'ला जागा आहे. सभेला मात्र माणूस येतो किंवा येत नाही. 'आय विल अटेंड द मीटिंग टू द बेस्ट ऑफ माय अ‍ॅबिलिटी' असं लिहिणारा गृहस्थ अर्धाच येणार आहे की काय, आणि कुठला अर्धा, असा प्रश्न पडतो. आजारपणाच्या रजेच्या अर्जात 'आय अ‍ॅम सफरिंग फ्रॉम फीवर टू द बेस्ट ऑफ माय अ‍ॅबिलिटी' असं लिहिणारी माणसं आहेत. वाचून साहेबांचे डोळे पाणावले पाहिजेत. ऑफिसात कधी जीव तोडून काम न केलेला माणूस ताप मात्र जीव तोडून भोगतो आहे! आणि एका लग्नाच्या बायोडेटात वैवाहिक स्थितीपुढे 'अनमॅरीड, टू द बेस्ट ऑफ माय अ‍ॅबिलिटी' असं होतं. मुलाने अविवाहित राहण्यासाठी प्रयत्नांची पराकाष्ठा केली असावी असा त्याचा अर्थ होतो, आणि फोटो पाहता फार पराकाष्ठा करावी लागली नसावी.

हा वाक्प्रयोग आला कुठून, याचा छडा लावायचा तर स्टेशनजवळच्या डीटीपीच्या दुकानात जावं लागतं. मुलुंडची बहुतेक इंग्रजी तिथे जन्माला येते. दुकान म्हणजे पायऱ्यांखालची एक खोबण. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, प्रोजेक्ट बाइंडिंग आणि भाडेकरार, सगळं एका खुर्चीत. खुर्चीतल्या मुलाचं वय विशीच्या आत-बाहेर. समोरच्या संगणकावर 'रेझ्युमे फायनल', 'रेझ्युमे फायनल न्यू' आणि 'रेझ्युमे फायनल न्यू काका' अशा फायली. आपण नाव, पत्ता, शिक्षण सांगायचं. बाकीचं तयार असतं. छंद तयार असतात: रीडिंग, लिसनिंग टू म्युझिक. स्वभावही तयार असतो: हार्डवर्किंग, पंक्च्युअल, टीम प्लेयर. निवृत्त गृहस्थ पार्टटाइम अकाउंट्सच्या कामासाठी गेले, तरी त्यांना दहा सेकंदांत 'डायनॅमिक' करून देतात. आणि शेवटी प्रतिज्ञापत्राची ओळ आली की मुलगा कीबोर्डवरची बोटं थांबवून, सँडविचवाला 'चीज टाकू का' विचारतो त्या सुरात विचारतो, "काका, खाली नॉलेज टाकू की अ‍ॅबिलिटी?"

काकांना काय, दोन्ही चांगलंच. "टाक ना अ‍ॅबिलिटी. जरा वजन येईल."

आणि इथेच घात होतो. बायोडेटाच्या तळाशी लिहायचं असतं 'टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज अँड बिलीफ', म्हणजे माझ्या माहितीप्रमाणे आणि समजुतीप्रमाणे वरचं सगळं खरं आहे. त्या जागी 'अ‍ॅबिलिटी' बसवली की वाक्य होतं: 'वरील माहिती माझ्या कुवतीनुसार खरी आहे.' म्हणजे खरं बोलायची जेवढी ताकद होती तेवढी लावली साहेब, याहून जास्त खरं मला झेपत नाही. खोटं बोलून पकडले जाणारे पुष्कळ असतात. पण खोटेपणाची इतकी प्रामाणिक कबुली, खाली सही आणि ठिकाण-दिनांक घालून, आम्ही अन्यत्र पाहिलेली नाही.

कोर्टाला ही गंमत चालत नाही. 1908 सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत दाव्याच्या अर्जाखाली सत्यापन करायचा नियमच आहे. कोणते मुद्दे स्वतःच्या माहितीवरून खरे म्हणता आणि कोणते दुसऱ्याकडून कळले व खरे वाटतात म्हणून लिहिता, हे परिच्छेदांचे आकडे देऊन वेगवेगळं सांगावं लागतं. म्हणून कोर्टाबाहेर बसणारा टायपिस्ट 'नॉलेज' आणि 'बिलीफ' यांत कधी गल्लत करत नाही. 'अ‍ॅबिलिटी'ला तर तो हातच लावत नाही. कुवत वकिलाची असते, तिची फी वेगळी.

आता कुवतीचा विषय निघालाच आहे तर 'कॅन एबल टू' या जोडप्याची विचारपूस केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. 'आय कॅन एबल टू वर्क अंडर प्रेशर.' 'आय कॅन एबल टू स्पीक मराठी, हिंदी, इंग्लिश.' यातल्या 'कॅन'ला काम जमतं आणि 'एबल'लाही जमतं. दोघं एकाच खुर्चीवर बसले की खुर्ची मोडते, एवढंच. पण आपल्या माणसाला एकट्या 'कॅन'वर भरवसा वाटत नाही. इतकासा तो शब्द, समोरच्याच्या कानावर पडला न पडला! म्हणून घाटात मागून लावतात तसं जादा इंजिन त्याला लावलं जातं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत लोक 'आय माइट कुड' असं बोलतात आणि भाषाशास्त्रज्ञ टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्यामागे फिरतात. आमच्या मुलाने तसलंच काही लिहिलं तर एचआरची बाई फक्त पुढचा बायोडेटा उघडते. नशीब, दुसरं काय.

असं का होतं, यावर सोसायटीतल्या निवृत्त मंडळींचं एक ठरलेलं उत्तर आहे: हल्ली रेन अँड मार्टिन कोणी वाचत नाही. हे रेनसाहेब म्हणजे पी. सी. रेन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्याच्याच शिक्षण खात्यात होते. त्यांनी फ्रेंच फॉरिन लीजनवर 'बो जेस्ट' नावाची कादंबरी 1924 साली लिहून जगभर नाव कमावलं, आणि मार्टिनसाहेबांबरोबरचं 1935 चं व्याकरण भारतात अजून खपतं. ज्या माणसाने तरुणांना वाळवंटात लढायला जावंसं वाटायला लावलं, त्यानेच लाखो पोरांना व्याकरणाच्या तासाला वर्गातून पळून जावंसं वाटायला लावलं. त्याआधीची पिढी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढली. आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून. पुढे रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना 2000 सालापासून ते पहिलीपासून झालं. म्हणजे 'कॅन एबल टू' लिहायला पूर्वी पाचवीपर्यंत थांबावं लागायचं, आता थांबावं लागत नाही.

कुवतीच्या बाबतीत अतिशयोक्ती करायची तर इंग्रजीत त्याला 'मोअर दॅन केपेबल' हा ठेवणीतला दागिना आहे. कामाला पुरून उरेल इतका लायक. शिफारसपत्रात हा शोभतो. पण आपल्याकडचे साहेब शिफारस करायला बसले की त्यांचा हात सढळ होतो आणि ते लिहून बसतात, 'ही इज केपेबल ऑफ एनीथिंग.' हे पत्र घेऊन मुलगा आनंदाने घरी येतो. त्याला बिचाऱ्याला कळत नाही की हा इंग्रजीत पोलिसांना द्यायचा जबाब आहे. आणि मजा अशी की मराठीतही तेच आहे. 'तुमचा मुलगा काहीही करू शकतो' हे वाक्य बक्षीस समारंभात ऐकलं की आई पदराने डोळे टिपते आणि चौकीत ऐकलं तरी पदराने डोळेच टिपते.

असो. आता मुख्य मुद्द्याकडे येतो, कारण या वाक्प्रयोगाचा भारतातला सर्वांत निर्दोष वापर आमच्या बोर्डावर नसून राज्यघटनेत आहे.

राष्ट्रपतींची शपथ अनुच्छेद 60 मध्ये दिली आहे. तिच्यात संविधानाचं व कायद्याचं जतन, रक्षण आणि संरक्षण 'टू द बेस्ट ऑफ माय अ‍ॅबिलिटी' करण्याचं वचन आहे. राज्यपालांच्या अनुच्छेद 159 मधल्या शपथेतही तेच शब्द. सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचे न्यायाधीश व महालेखापरीक्षक यांची शपथ तिसऱ्या अनुसूचीत आहे. त्यांना तर 'अ‍ॅबिलिटी, नॉलेज अँड जजमेंट' अशी तिन्ही पणाला लावावी लागतात. कुवत, ज्ञान आणि निर्णयबुद्धी. डीटीपीच्या मुलाला सांगायला हवं, की बाबा रे, दोन्ही टाकायची सोय आहे, पण त्यासाठी आधी हायकोर्टाचा जज्ज व्हावं लागतं.

आता त्याच तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्यांची शपथ पाहा. संविधानाशी निष्ठा आहे. देशाची सार्वभौमता आणि एकात्मता आहे, ती 1963 च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने आली. कर्तव्य निष्ठेने आणि सद्सद्विवेकबुद्धीने करण्याचं वचन आहे. भीती नाही, पक्षपात नाही, ममत्व नाही, आकस नाही. सगळं आहे. फक्त कुवत नाही. केंद्रातल्या मंत्र्यांच्या शपथेत नाही, राज्यातल्या मंत्र्यांच्या नाही. खासदार-आमदारांना तर हाती घेतलेलं कर्तव्य निष्ठेने पार पाडीन एवढंच म्हणायचं असतं. उपराष्ट्रपतींचंही तसंच.

घटनाकारांनी हा फरक मुद्दाम केला असं आमचं म्हणणं नाही. डॉ. आंबेडकरांसारखा जागता मसुदाकार असताना तो नकळत राहिला असंही म्हणवत नाही. आम्ही फक्त देखावा डोळ्यांपुढे आणतो. शपथविधीचा मांडव, खुर्च्यांवर पांढरी कव्हरं. राज्यपाल, ज्यांनी स्वतः कुवत पणाला लावायची शपथ घेतलेली आहे, ते एकेका मंत्र्याला पुढे बोलावून अशी शपथ देतात जिच्यात कुवतीची अट नाही. मंत्री ती मोकळ्या मनाने घेतात. आणि पुढची पाच वर्षं आपण वर्तमानपत्र उघडून म्हणतो, 'यांची कुवतच नाही हो!' अहो, पण तसं वचन त्यांनी दिलं होतं कधी? या बाबतीत तरी मंत्र्यांनी शब्द मोडला असं कुणाला म्हणता येणार नाही.

मग आमच्या सोसायटीची कमिटी कुठे बसते? ती उगाचच राष्ट्रपतींच्या पंक्तीला जाऊन बसली आहे. जुन्या कमिटीवाल्यांना एम-20 बाँड आठवत असेल. निवडून आल्यावर तो लिहून द्यायचा, आणि त्यात निर्णयांची जबाबदारी सगळ्यांवर मिळून आणि एकेकट्यावरही यायची. तो कागद मात्र सगळे दोनदा वाचून सही करायचे. नोटीस बोर्डावर कुवतीची शपथ रोज घेणाऱ्या माणसाचा हात जबाबदारीच्या कागदावर का थबकतो, हे आम्ही सांगायला नको.

अमेरिकेच्या अध्यक्षांच्या शपथेतही हेच शब्द आहेत. तिथल्या घटनेने शब्दन् शब्द ठरवून दिलेली ती छोटीशी शपथ. 20 जानेवारी 2009 रोजी ओबामा ती घ्यायला उभे राहिले आणि सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी ती कागदाशिवाय सांगायला घेतली. 'फेथफुली' हा एक शब्द जागचा हलला. ओबामा अडखळले, सरन्यायाधीश सावरायला गेले आणि आणखी घसरले. दोघेही हार्वर्डचे कायद्याचे पदवीधर. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसच्या एका दालनात, कसलाही गाजावाजा न करता, उगीच कुणी शंका काढायला नको म्हणून, शपथ पुन्हा घेण्यात आली. आमच्या सेक्रेटरींना ही हकिकत सांगितली तेव्हा ते समाधानाने म्हणाले, "बघा! म्हणून मी कॉपी-पेस्ट करतो."

आता कुणी म्हणेल, हे सगळं इंग्रजीचं खूळ. आपल्या संस्कृतीत दिला शब्द म्हणजे शब्द. तसं वाटत असेल तर पुढच्या सत्यनारायणाला गुरुजी संकल्प सांगतात तेव्हा फोन बाजूला ठेवून कान द्या. 'यथाज्ञानेन' आणि 'यथामिलितोपचारद्रव्यैः' असे दोन शब्द येतील. जेवढं ज्ञान आहे तेवढ्याने आणि जे साहित्य मिळालं आहे त्याने. म्हणजे कलशाला हात लावायच्या आधीच आपण देवाला सांगून ठेवलेलं असतं की मार्केटमध्ये केवडा मिळाला नाही, पंचामृतातलं तूप पिशवीतलं आहे आणि आमचं संस्कृत हे असं आहे. इतकी सोईस्कर तरतूद इंग्रज वकिलालाही सुचली नसती. फरक एवढाच, आपल्या आज्या त्या 'यथामिलित'मधलं मिळवायला पहाटे उठून बाजार पालथा घालायच्या. केवडा खरंच मिळाला नाही, हे त्यांना स्वतःला ठाऊक असायचं. आम्ही घरबसल्या अ‍ॅपवर 'आउट ऑफ स्टॉक' वाचतो आणि देवाला स्क्रीनशॉट दाखवतो.

'यथाशक्ती'चंही तेच झालं. गणपतीची वर्गणी पूर्वी यथाशक्ती असायची. आता मंडळाचे कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन येतात तेव्हा आकडा तेच सांगतात, कारण त्यांना अनुभव आहे. पाच रस्त्याला दोन बेडरूमचा फ्लॅट, खाली गाडी, वरच्यावर दुबईची सहल. आणि यथाशक्ती म्हटलं की माणूस एकशे एक काढतो. ही शक्ती नक्की कुठल्या क्षणी जाते आणि आरतीनंतरच्या प्रसादाच्या रांगेत कुठून परत येते, यावर केळकर महाविद्यालयातल्या कुणी होतकरू विद्यार्थ्याने प्रबंध लिहावा.

कुवतीच्या या खेळात खरी माया जमवली ती बिल्डर मंडळींनी. मुलुंड हे तसं आखीव गाव. 1922 च्या सुमारास क्राउन अँड कार्टर या वास्तुरचनाकारांनी त्याच्या रस्त्यांची चौकटीचौकटीची आखणी केली, आणि पश्चिमेला पाच रस्त्याच्या आसपास फिरताना ती पट्टी अजून जाणवते. त्या रस्त्यांवरच्या आणि पूर्वेकडच्याही जुन्या चारमजली इमारती आता पुनर्विकासाला निघाल्या आहेत. ज्या घरात जा, तिथे टीपॉयवर बिल्डरचं पत्र. त्या पत्रात 'बेस्ट एंडेव्हर्स' असतात. ताबा देण्यासाठी आम्ही बेस्ट एंडेव्हर्स करू. इंग्लंडमधल्या कोर्टांनी या शब्दांचा पुष्कळ कीस पाडला आहे. 'बेस्ट एंडेव्हर्स' हे 'रीझनेबल एंडेव्हर्स'पेक्षा जड मानले जातात, आणि ते लिहून दिल्यावर 'जमलं नाही बुवा' एवढ्यावर सुटका होत नाही. आपल्याकडे हे पत्र वाचून घरातले आजोबा म्हणतात, "म्हणजे बघतो म्हणतोय."

आजोबांना इंग्रजी जेमतेम येतं, पण अर्थ त्यांनीच बरोबर लावला. म्हणूनच 2016 च्या रेरा कायद्याने बिल्डरच्या विशेषणांच्या नादी न लागता सरळ तारीख विचारली. महारेराचं कामकाज 1 मे 2017 पासून सुरू झालं. प्रकल्प कधी पुरा होणार तो दिवस नोंदवायचा आणि तो सगळ्यांना दिसेल असा वेबसाइटवर ठेवायचा. तारीख हुकली तर कलम 18 प्रमाणे पैसे परत मागता येतात, किंवा ताबा मिळेपर्यंतचं व्याज. म्हणजे कायद्यालासुद्धा कळलं की कुवतीला व्याज लावता येत नाही, तारखेला येतं.

हे सगळं आम्ही गेल्या वार्षिक सभेत मांडायचा प्रयत्न केला. हिशेबाचं वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत ही सभा घ्यावी लागते. त्यामुळे ती नेहमी गणपती, गौरी, पितृपक्ष आणि नवरात्र यांच्या फटीत कुठेतरी बसवतात. सभेची नोटीस अर्थातच इंग्रजीत. हजर राहावे, टू द बेस्ट ऑफ युवर अ‍ॅबिलिटी. कोरम झाला नाही. मग नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब झाली आणि त्याच गच्चीवर, त्याच खुर्च्यांवर, त्याच माणसांत पुन्हा भरली. त्या अर्ध्या तासात बटाटावडे आले आणि सभासद वाढले.

आमचा विषय आला तेव्हा आम्ही म्हटलं, "सेक्रेटरीसाहेब, नोटिशीतून तेवढा 'बेस्ट ऑफ अवर अ‍ॅबिलिटी' काढून टाका आणि टाकी किती वाजता धुणार ते लिहा."

सेक्रेटरी चांगले आहेत. बँकेत आयुष्य गेलं, हिशेब चोख, आवाज कधी चढत नाही. म्हणाले, "काढतो हो. पण मग टाकीवाला त्या वेळेला आला नाही तर?"

"तर लिहा, टाकीवाला आला नाही."

"तसं लिहिलं तर लोक मला फोन करतील."

"आता करत नाहीत?"

"आता काय विचारणार? लिहिलंय ना, टू द बेस्ट ऑफ!"

यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू वडा संपवून म्हणाल्या, "अहो, मग मराठीतच लिहा ना. टाकीवाला दहाला येतो म्हणाला आहे, त्याचा काही भरवसा नाही, पाणी भरून ठेवा." क्षणभर शांतता पसरली. तमिळ शेजाऱ्यांनी ते कच्छी शेजाऱ्यांना हिंदीत समजावलं, कच्छी शेजाऱ्यांनी मान डोलावली, आणि त्या एका वाक्यावर सभेत एकमत झालं. इतिवृत्तात मात्र ते नोंदलं गेलं ते असं: 'द सजेशन विल बी कन्सिडर्ड टू द बेस्ट ऑफ अवर अ‍ॅबिलिटी.'

तेव्हा वाचकहो, मुलुंडचे असा वा अंधेरीचे, एवढं करा. हा वाक्प्रयोग लिहायचाच असेल तर एका अर्जात एकदाच लिहा. 'अ‍ॅबिलिटी' एकवचनी लिहा, घटनेत तशीच आहे. आरंभी 'टू' लिहा. 'अ‍ॅट द बेस्ट' किंवा 'विथ द बेस्ट' नको. बायोडेटाच्या तळाशी 'नॉलेज अँड बिलीफ'च राहू द्या, दुकानातला मुलगा काहीही म्हणो. आणि कामाचं नाव नि तारीख त्याच वाक्यात घाला. तारीख घालायचं धाडस होत नसेल तर सरळ मराठीत 'बघतो' लिहा. आम्ही बादल्या भरून ठेवू.